डिस्चार्ज कार्डातली शेवटची ओळ

मंगळवार, १ जुलै २०२५

सर्जिकल वॉर्डातल्या खिडकीजवळच्या पेशंटला आज सुट्टी झाली. पाथर्डी तालुक्यातला माणूस, हंगामात बायकोसोबत ऊसतोडीच्या कोयत्याला जाणारा. आतड्याला छिद्र पडून पोटात पू झाला होता. रात्रीतून ऑपरेशन झालं, आधी आयसीयू, मग वॉर्ड. सगळं महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून. बिलाचा एक रुपया त्याला भरावा लागला नाही. पंधरा वर्षांपूर्वी याच ऑपरेशनासाठी बैलजोडी किंवा रान विकलं गेलं असतं. ही योजना आहे म्हणून आज तो पायांनी चालत घरी गेला, हे आधी लिहून ठेवते.

सकाळी मी त्याचं वजन केलं. ४१ किलो. उंची साडेपाच फुटांच्या आत-बाहेर.

डिस्चार्ज कार्डात गोळ्या, ड्रेसिंग आणि फेरतपासणीची तारीख झाली, की शेवटची ओळ ठरलेली असते : 'हाय प्रोटीन डाएट, आहारतज्ज्ञांना भेटा.' आहारतज्ज्ञ म्हणजे मी. बाहेरचे टाके निघाले तरी आतली जखम भरायला आठवडे लागतात, आणि ती भरते प्रथिनांवर. शरीराला ती ताटातून मिळाली नाहीत तर ते स्वतःच्याच दंडामांड्यांतून ओढून घेतं. या माणसाच्या दंडामांड्यांत ओढायला काही उरलेलं नाही. त्याला रोज किमान साठ ग्रॅम हवीत. घरी बाजरीची भाकरी, कालवण आणि कोरा चहा यांतून तीसही होत नाहीत.

त्याच्या बायकोला मी सगळं समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, रोज दोन अंडी म्हणता. पण घरात आम्ही सहा जण. ह्यांच्या एकट्याच्या ताटात अंडी वाढून पोरांना कोरडी भाकर कशी देऊ?"

गुरुवार, ३ जुलै

बाहेर योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलाशेजारी बसून आज पॅकेजात काय काय येतं ते पुन्हा एकदा नीट पाहिलं. कॉटचा आणि नर्सिंगचा खर्च, सर्जन, भूलतज्ज्ञ, तपासण्या, औषधं, रुग्णाचं जेवण, घरी परतताना एसटीचं भाडं. म्हणजे जेवण आहे. केंद्राच्या आयुष्मान भारतच्या यादीतही भोजनसेवा स्वतंत्र लिहिलेली आहे. आमच्या स्वयंपाकघरातून सकाळी दूध आणि उपमा, दुपारी-रात्री पोळी, भाजी, वरण, भात जातो. ज्यांना लागतं त्यांना अंडं. पॅकेजच्या रकमेत ते बसवावं लागतं, पण ते दिलं जातं.

गोम पुढे आहे. सुट्टी झाल्यानंतरही उपचार चालू राहतात, हे योजनेला मान्य आहे. आयुष्मान भारतमध्ये सुट्टीनंतरच्या पंधरा दिवसांची औषधं-तपासण्या धरलेल्या आहेत. महात्मा फुले योजनेत काही मोठ्या आजारांसाठी फॉलोअपची वेगळी पॅकेजेस पहिल्यापासून आहेत. त्यांत डॉक्टर येतात, तपासण्या येतात, गोळ्या येतात. जेवण मात्र रुग्णालयाच्या फाटकापाशी थांबतं. जो माणूस कॉटवर असताना ते उपचाराचा भाग होतं, त्याच माणसासाठी ते रिक्षात बसल्यावर घरखर्च होतं. त्याच्या शरीराच्या दृष्टीने तेवढ्यात काहीच बदललेलं नसतं.

आणखी एक. या योजनेचं दार आजवर रेशनकार्डानेच उघडत आलं. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर, म्हणजे आपल्या नगरलाही आली. पिवळं किंवा केशरी कार्ड दाखवा आणि भरती व्हा. २०२३ च्या जुलैतल्या निर्णयाने दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर गेलं आणि पांढऱ्या कार्डवाल्यांनाही दार उघडलं. कार्डाचा नंबर प्रत्येक फाइलवर असतो. पांढरं कार्ड सोडलं तर त्याच कार्डावर बहुतेकांना गावच्या दुकानात माणशी महिना पाच किलो तांदूळ-गहू फुकट मिळतात. अन्नसुरक्षेचा तो मोठाच आधार आहे. पण कार्डावर डाळ नाही, तेल नाही, शेंगदाणे नाहीत. डॉक्टर जे लिहून देतात नेमकं तेच नाही.

सोमवार, ७ जुलै

काल आषाढी. आज डायलिसिसच्या पहिल्या पाळीतल्या तिघांचं पोटॅशियम चढलेलं. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. बटाट्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, केळी, राजगिऱ्याचे लाडू. एक आजोबा म्हणाले, "वारी तर सुटली, निदान उपास तरी करू द्या." उपास करा म्हटलं, पण भगर खा, आमटीत शेंगदाणे घालू नका, बटाटा घ्यायचाच तर बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवा, ते पाणी फेका, पुन्हा नव्या पाण्यात उकडा. सुनेला बाजूला घेऊन एकदा करून दाखवलं.

डायलिसिसही योजनेत आहे, आठवड्यातून दोनदा-तीनदा, वर्षानुवर्षं. मशीन प्रत्येक वेळी रक्तातली घाण काढते आणि तिच्याबरोबर थोडी अमिनो आम्लंही निघून जातात. म्हणून डायलिसिस सुरू होण्याआधी ज्यांना डाळ कमी करायला सांगितलेलं असतं, त्यांना सुरू झाल्यावर प्रथिनं वाढवायला सांगावं लागतं. घरच्यांच्या डोक्यात जुनाच सल्ला बसलेला असतो. हा फरक पटवून द्यायला अर्धा-पाऊण तास जातो, आणि एकदा सांगून भागत नाही. या वेळेसाठीही कुठल्या पॅकेजात रकाना नाही.

शनिवार, १२ जुलै

जामखेडला मावशीकडे. तिच्या लहानपणीच्या आठवणीत बहात्तरचा दुष्काळ आहे, खडी फोडायला जाणारी आई आहे, सुकडी आहे. आणि 'आरोळे डॉक्टर' आहेत.

रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. दोघंही वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत राहून आलेले. कुठेही मोठं रुग्णालय चालवू शकले असते. त्यांनी सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला, आणि त्यांना लवकरच कळलं की गावाच्या यादीत औषध वरच्या नंबरावर नाही. वर आहे पाणी आणि अन्न. मग शेतकरी मंडळं झाली. काही गावांत लोकांनी जमिनीचे तुकडे दिले, त्यांवर पिकलेलं धान्य लहान मुलांच्या सामुदायिक जेवणाला गेलं. गावातल्याच बायका, पुष्कळ दलित, पुष्कळ निरक्षर, आरोग्यसेविका झाल्या; पोरांची वजनं करू लागल्या, बाळंतपणं करू लागल्या. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातून लोक इथे शिकायला येतात.

माझ्या मनात राहतं ते हे : आरोळ्यांच्या हिशेबात शेत आणि दवाखाना यांची एकच वही होती. कुपोषित मुलाला टॉनिक लिहून देऊन घरी पाठवणं म्हणजे उपचार नव्हे, असं त्यांनी धरलं. आज आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच्या कैकपट पैसा आहे, विमा आहे, संगणक आहेत, आणि वह्या मात्र तीन झाल्या आहेत. औषधाची आरोग्य खात्याकडे, धान्याची पुरवठा खात्याकडे, आणि मुलांच्या व गर्भवतींच्या जेवणाची तिसरी, महिला व बालविकासकडे.

मावशीने येताना हुलग्याचं पीठ दिलं. शेंगोळे करायचे आहेत. रुग्णांच्या छापील तक्त्यात पनीर आणि प्रोटीन पावडर आहे. खाली मी पेनाने हुलगे, मठ, घेवडा, सुकट, अंडी लिहिते. पाथर्डीच्या किंवा अकोले तालुक्यातल्या बाईला पनीर वाचून फक्त एवढंच कळतं की हे आपल्यासाठी नाही.

गुरुवार, १७ जुलै

अकोले तालुक्यातून क्षयाची एक पेशंट आली. भंडारदऱ्याच्या बाजूची, पंचविशीतली, ३४ किलो, अंगावर दूध पिणारं मूल. बाळंत होईपर्यंत आणि नंतर सहा महिने अंगणवाडीत अमृत आहार योजनेचं एक वेळचं गरम जेवण मिळत होतं. भाकरी, भात, डाळ, भाजी, अंडं, शेंगदाण्याचा लाडू. २०१५ पासून आदिवासी भागात चालू असलेली ही योजना मला फार मोलाची वाटते, कारण ती कागदावर 'पोषण' लिहून थांबत नाही, ताट वाढते. तिचे सहा महिने संपले आणि पुढे खोकला सुरू झाला.

क्षयाच्या बाबतीत सरकारने अन्न उपचारात धरलं आहे. निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत महिना ५०० रुपये मिळत होते. गेल्या नोव्हेंबरपासून ते १,००० झाले, तीन-तीन हजारांच्या दोन हप्त्यांत, थेट खात्यावर. हे आपोआप घडलेलं नाही, त्यामागे पुरावा आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी २०१९ ते २०२२ या काळात 'राशन्स' नावाचा अभ्यास केला. २,८०० रुग्णांना महिन्याला दहा किलोचा शिधा : तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल, सोबत जीवनसत्त्वाच्या गोळ्या. आणि निम्म्या गटात रुग्णाच्या घरच्या माणसांनाही माणशी पाच किलो तांदूळ व दीड किलो तूरडाळ. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निष्कर्ष आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. फुप्फुसाच्या क्षयाचं तर ४८ टक्क्यांनी. कुठलीही नवी लस नाही, नवं औषध नाही. डाळ-तांदूळ.

पाथर्डीच्या त्या बाईने मला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर या अभ्यासात आहे. एकट्याच्या ताटात वाढता येत नाही, म्हणून घराला द्या.

आजच्या मुलीचं खातं माहेरच्या नावाने आहे, आधार सासरच्या. तेवढ्यावर हप्ता अडणार हे ओळखून निक्षयच्या पर्यवेक्षकांशी बोलले. त्यांनी कागद करून घेतो म्हटलं. तिला विचारलं, परसात काय आहे? मांडवावर घेवडा, थोडी नागली, चार कोंबड्या. पावसात कुर्डू, चाई, भारंगी रानातून मिळतेच. तिच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणं जपली म्हणून त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. त्या वाणांत घेवड्या-वालाचे किती प्रकार आहेत! तिला म्हटलं, यंदा कोंबड्यांची अंडी बाजारात न्यायची नाहीत. तिने सासूकडे पाहिलं. मग मी सासूलाच समोर बसवलं.

मंगळवार, २२ जुलै

मिसिसिपीतल्या माउंड बायूची गोष्ट पुन्हा वाचली. कापसाचा मुलूख, मजूर काळे, मुलं कुपोषित. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. जॅक गायगर यांनी तिथे आरोग्य केंद्र चालवलं. तिथले डॉक्टर मुलांना चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस लिहून देत. गावातले दुकानदार चिठ्ठी घेऊन माल देत आणि बिल केंद्राच्या औषध खात्यावर टाकत. वरून अधिकारी आला आणि म्हणाला, हा पैसा औषधांसाठी आहे. गायगर यांनी त्याला एवढंच सांगितलं की वैद्यकाच्या पुस्तकात कुपोषणावरचं औषध अन्न हेच दिलेलं आहे. अधिकारी परत गेला. पुढे तिथल्या कुटुंबांनी सहकारी शेती काढली. जामखेडची मंडळी हे ऐकतील तर त्यांना हे परकं वाटणार नाही.

त्याच अमेरिकेत आता गरिबांच्या सरकारी विम्यातून, मेडिकेडमधून, काही राज्यांत अन्न देऊन पाहिलं गेलं. नॉर्थ कॅरोलायनात २०२२ पासून विमाधारकांच्या घरी भाजीपाल्याच्या, किराण्याच्या पेट्या जात होत्या. आजारपणाचा खर्च त्याने उतरणीला लागल्याचं मूल्यमापनात आलं. तरीही राज्याने पुढची तरतूद केली नाही आणि या १ जुलैपासून पेट्या बंद झाल्या. उपयोगी ठरलेली गोष्टसुद्धा तरतुदीच्या एका ओळीवर टांगलेली असते. म्हणून ती दयेपोटी, सणापुरती किंवा 'पायलट' म्हणून मागायची नाही, पॅकेजमध्येच मागायची.

दुसरी बाजूही लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर चाचपडायला नको. मधुमेह्यांना वर्षभर आठवड्याला दहा जेवणांपुरतं उत्तम अन्न, जोडीला आहारतज्ज्ञ, असा तिथला एक नीट आखलेला प्रयोग आहे. सहा महिन्यांनी दोन्ही गटांतल्या साखरेत फरक आढळला नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. मधुमेह्याला मिळत असलेलं खाणं बदलायचं असतं, आणि ते पेटी देऊन होत नाही. ४१ किलोच्या माणसाला खाणं मिळवूनच द्यायचं असतं. त्यामुळे सगळ्या रुग्णांना सरसकट शिधा, अशी मागणी मी करणार नाही. वजनाची अट हवी.

शुक्रवार, २५ जुलै

श्रावण लागला. अंडी स्वस्त होतील, आणि आमचे निम्मे पेशंट ती महिनाभर खाणार नाहीत.

एमआयडीसीतल्या एका कामगाराला क्षय निघाला. त्याला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आहे. त्या कायद्यात क्षयासारख्या लांबलेल्या आजारांत दोन वर्षांपर्यंत ८० टक्के पगार मिळू शकतो. १९४८ च्या कायद्याच्या वेळी ज्यांनी हा विचार केला त्यांना कळलं होतं, की आजारी माणसाची मजुरी थांबते आणि मजुरी थांबली की चूल थांबते. पगार चालू ठेवणं हेही अन्न देणंच. ऊसतोड कामगाराला हे कायद्याचं छत्र नाही. त्याला मुकादमाची उचल आहे, आणि ती फेडायला दिवाळीच्या आसपास कारखान्यावर पोचावंच लागतं, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची फळी चढावीच लागते. पोटावरची शिवण तीन महिन्यांत किती पक्की झाली, याचा निकाल त्या फळीवर लागतो.

बुधवार, ३० जुलै

पाथर्डीचा पेशंट फेरतपासणीला आला. काल नागपंचमी झाली, बायकोने डब्यात पुरणाची दिंडं आणली होती, सिस्टरांसाठी. जखम वरून कोरडी, एका कोपऱ्यात किंचित ओल. वजन ४०.६.

काय खाता? पहिले आठ-दहा दिवस अंडी आणली, मग जमलं नाही. दारात गाय आहे. दूध? सकाळ-संध्याकाळ सगळं डेअरीला. दहा दिवसांचं पेमेंट येतं त्यातून सरकी-पेंड आणि किराणा. दूध घरात ठेवलं तर किराणा थांबतो. संगमनेरपासून पाथर्डीपर्यंत दुधाच्या गाड्या धावणारा हा जिल्हा, आणि ज्याने धार काढली तो कोरा चहा पिऊन जखम भरायची वाट पाहतो. यात त्या घराचा दोष शोधणारं कुणी भेटलं तर मला राग येतो. त्यांचा हिशेब बरोबर आहे. चूक आपल्या विम्याच्या हिशेबात आहे.

रात्री तोच हिशेब मांडला, माझ्या गल्लीतल्या दुकानाच्या भावाने. महिन्याला साठ अंडी ३९०, पंधरा लिटर दूध ८४०, दोन किलो तूरडाळ २५०, किलोभर शेंगदाणे १४०. एकूण १,६२० रुपये. तीन महिन्यांचे ४,८६०. पाच लाखांच्या संरक्षणाचा एक टक्काही नाही. जखम उसवून तो पुन्हा भरती झाला तर योजना विनातक्रार याच्या कैकपट भरेल.

रविवार, ३ ऑगस्ट

टिपण लिहायला घेतलं. दुपारपर्यंत दोन पानं झाली.

मागणी अशी : पोटाची मोठी ऑपरेशनं, भाजलेले, कॅन्सर, डायलिसिस आणि क्षय या पेशंटांपैकी ज्यांचा बॉडी मास इंडेक्स १८.५ च्या खाली आहे, त्यांना सुट्टीनंतर तीन महिने शिधा, आणि तो पॅकेजचाच भाग. अंडी-दूध नासतं म्हणून शिध्यात तूरडाळ, हरभरा डाळ, शेंगदाणे, तेल, दूध पावडर. हा शिधा रुग्णालयातून नको. नगरहून पाथर्डीला दहा किलोचं गाठोडं घेऊन एसटीत कोण चढणार? गावच्या रेशन दुकानातून, त्याच ई-पॉस मशीनवर, अंगठा लावून. कार्डाचा नंबर फाइलवर आहेच. २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' म्हणून रवा, चणाडाळ, साखर आणि तेल शंभर रुपयांत याच दुकानांतून घरोघर पोचलं होतं. वाटपाची वाट माहीत आहे, दुकानदारांना सवय आहे. आणि शिधा घराला, माणसाला नव्हे. याखाली मी दोनदा रेघ मारली.

नवी वही उघडायची गरज नाही, असंही लिहिलं. औषधाच्या वहीत धान्याचा एक रकाना पुरेल.

मंगळवार, ५ ऑगस्ट

सर्जन सरांना टिपण दाखवलं. त्यांनी ओपीडी संपल्यावर उभ्या-उभ्याच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. म्हणाले, सही करतो, पण वरचे लोक पहिला प्रश्न विचारतील : असे पेशंट किती? तुमच्याकडे आकडा आहे?

नाही. कारण भरतीच्या वेळी वजन भूलतज्ज्ञांसाठी केलं जातं, इमर्जन्सीत तेही अंदाजाने लिहितात. सुट्टीच्या वेळी कुणी करत नाही. डिस्चार्ज कार्डात तो रकानाच नाही.

सरांनी मेट्रनना तिथेच बोलावलं. योजनेतल्या प्रत्येक पेशंटचं भरतीचं आणि सुट्टीचं वजन, उंची, आणि फेरतपासणीला पुन्हा वजन. कार्डाचा नवा छापील नमुना यायला वेळ लागेल, तोवर रबरी शिक्का. 'आहार' या ओळीच्या वर. शिक्क्याची ऑर्डर दिली आहे, चितळे रोडवरच्या दुकानात, गुरुवारी मिळेल. वॉर्डातला वजनकाटा अर्धा किलो जास्त दाखवतो, तो उद्या दुरुस्तीला पाठवायचा. तोपर्यंत ओपीडीतला वर न्यायचा. पाथर्डीच्या पेशंटला पुढची तारीख २० ऑगस्ट दिली आहे. त्याच्या कार्डावर मी पेनाने लिहिलं : ४१.०, ४०.६.